हेलिकॉप्टरचे नुसते नटबोल्ट आवळतो म्हणणाऱ्यांना उत्तर

उंचवाट

परवा या चर्चामंचावर 'स्पष्टबोल' यांनी लिहिले की, साठ वर्षे उलटून गेली तरी भारत परक्या हेलिकॉप्टरांचे नटबोल्टच आवळतो आहे, तेव्हा कारखान्यांवर पैसा घालवण्यापेक्षा अमेरिकेच्या अपाची आणि चिनूकसारखी तयार यंत्रे विकत घ्यावीत आणि मोकळे व्हावे. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी त्या लेखनाखाली 'अगदी मनातले बोललात' म्हणणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवले नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे.

आधी परवान्याबद्दल, म्हणजे परक्या कंपनीच्या आराखड्यावरून येथे हेलिकॉप्टर बांधण्याच्या परवानगीबद्दल. चेतक हे मूळचे फ्रान्सचे अलुएत-३. त्याचा परवाना करार १९६२चा, आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सने पुढे अशी तीनशेहून अधिक हेलिकॉप्टरे बांधली. चीता म्हणजे फ्रान्सचेच लामा. टीका करणारे येथेच थांबतात आणि लामाचा जन्म मुळात कशामुळे झाला, हे सांगत नाहीत. अलुएत-२चा सांगाडा आणि अलुएत-३चे इंजिन व रोटर, म्हणजे फिरती पाती, यांची सांगड घालून १९६९मध्ये ते यंत्र उडवले गेले, कारण भारतीय सेनादलांना हिमालयात काम करील असे हेलिकॉप्टर हवे होते. त्याच लामाने १९७२मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. त्या वेळी गरज आपली होती आणि रचना त्यांची. पुढे रचनाही आपण आपल्याकडे आणली, आणि हे काम नटबोल्ट आवळणाऱ्याचे नव्हे.

माझा थोरला भाऊ नव्वदच्या दशकात सियाचिनच्या एका चौकीवर काही महिने होता. तो सांगतो की, चीते जोडीने यायचे, म्हणजे एकाला काही झाले तर दुसऱ्याला ठिकाण तरी सांगता यावे. खालच्या दोन नळ्या बर्फाला जेमतेम टेकायच्या. पंखा थांबवण्याचा प्रश्नच नसे, कारण त्या थंडीत थांबलेले इंजिन पुन्हा सुरू होईलच याची खात्री कोणी देत नसे. दार उघडायचे, घासलेटचा एक कॅन आणि पत्रांची पिशवी बाहेर पडायची, आणि अर्ध्या मिनिटात हेलिकॉप्टर कड्यावरून खाली झेपावायचे. परत जाताना आजारी माणूस न्यायचा असेल, तर येताना तेवढे इंधनही कमी भरून यावे लागे. १३ एप्रिल १९८४ रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांच्या जवानांना 'बिलाफोंड ला' या सियाचिनजवळच्या खिंडीवर उतरवले, तेही चीत्यांनीच. सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येते, म्हणजे पात्यांना रेटायला हवा कमी आणि इंजिनाला इंधन जाळायला प्राणवायूही कमी. जगातील मोठ्या हेलिकॉप्टर कंपन्यांचे गिऱ्हाईक तेलफलाटांवर आणि इस्पितळांच्या गच्चीवर उतरणारे आहे. आपल्या खिंडींसाठी वेगळे यंत्र घडवण्याचे त्यांना काय कारण?

१९९९ साली कारगिलमध्ये याची किंमत मोजावी लागली. हल्ल्यासाठीची रशियन हेलिकॉप्टरे त्या उंचीवर उपयोगी पडेनात, म्हणून वाहतुकीच्या एमआय-१७वर रॉकेटे लावून ती पाठवली गेली, आणि २८ मे रोजी त्यांतील एक तोलोलिंगजवळ पाडले गेले. चौघे जण गेले. 'प्रचंड' हे हल्ल्यासाठीचे आपले हेलिकॉप्टर त्या अनुभवातून आले. २९ मार्च २०१० रोजी ते प्रथम उडाले, शस्त्रांसह सुमारे ५,००० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडून दाखवले, ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला हवाई दलात दाखल झाले, आणि मार्च २०२५मध्ये अशा १५६ हेलिकॉप्टरांचा ६२,७०० कोटी रुपयांचा करार झाला. त्याच्या रोटरचा आणि गिअरबॉक्सचा वारसा ध्रुवचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्याच बहुउपयोगी हेलिकॉप्टराचा आहे, आणि ध्रुवचे काम १९८४मध्ये जर्मनीच्या एमबीबी कंपनीच्या मदतीने सुरू होऊन २० ऑगस्ट १९९२ रोजी ते पहिल्यांदा हवेत गेले होते.

इटलीच्या अगुस्टाने १९५२मध्ये अमेरिकेच्या बेल-४७चा परवाना घेऊनच सुरुवात केली आणि तिचे स्वतःचे ए-१०९ उडायला १९७१ साल उजाडले. तिला कोणी नटबोल्टवाली म्हणत नाही. उमेदवारी केल्याशिवाय कोणी मिस्त्री होत नाही, एवढे तरी मान्य करा.

पोलादी

भावाची आठवण मनाला भिडली, परंतु तिने इंजिनाचा प्रश्न सुटत नाही, आणि तुमच्या एवढ्या लांब लेखनात इंजिनाच्या रचनेबद्दल एक वाक्य नाही. ध्रुव, त्याचीच सशस्त्र आवृत्ती रुद्र आणि प्रचंड यांत जे 'शक्ती' इंजिन आहे, ते फ्रान्सच्या तुर्बोमेकाबरोबर, म्हणजे आताच्या साफ्रानबरोबर, विकसित झालेले आहे. फ्रान्समध्ये त्याला आर्दिदें म्हणतात. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या तीन टनी हलक्या हेलिकॉप्टरातही त्याच कुळातले इंजिन आहे. मोठ्या तेरा टनी हेलिकॉप्टरासाठी जे 'अरावली' इंजिन योजले आहे, तेही साफ्रानच्याच भागीदारीत. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय लागली की आपली विहीर खणायचे राहून जाते.

हे केवळ अभिमानाचे प्रकरण नाही. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा ध्रुवसाठी विचारात असलेले अमेरिकी इंजिन हातचे गेले आणि पुन्हा फ्रान्सचे दार ठोठवावे लागले. तुर्कस्तानचे पाहा. त्यांनी इटलीच्या मंगुस्ता हेलिकॉप्टरावरून टी-१२९ हे हल्ल्याचे हेलिकॉप्टर तयार केले, २०१८मध्ये पाकिस्तानशी तीस नगांचा करारही केला, पण इंजिन अमेरिकी आणि ब्रिटिश कंपन्यांचे असल्यामुळे अमेरिकेने निर्यात परवाना दिला नाही आणि तो सौदा बुडाला. सांगाडा, रोटर, तोफ, सारे तयार असून एका परदेशी कार्यालयातल्या सहीने हेलिकॉप्टर जमिनीवर बसले. आपले प्रचंड उद्या कोणाला विकायचे ठरले, तर सही कोणाची लागेल?

उंचवाट

इंजिनाचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळायला नको होता. मात्र चीनचे उदाहरणही लक्षात घ्या. त्यांच्या झेड-१० या हल्ल्याच्या हेलिकॉप्टराच्या मूळ आराखड्यात रशियाच्या कामोव्ह कंपनीचा हात होता आणि सुरुवातीची इंजिने कॅनडाची होती. त्या इंजिनांचे सॉफ्टवेअर बेकायदा चीनला दिल्यापायी अमेरिकी मातृकंपनीला २०१२मध्ये मोठा दंड भरावा लागला. नंतर चीनने स्वतःचे इंजिन बसवले, तेव्हा ताकद कमी पडल्यामुळे हेलिकॉप्टराचे वजन घटवावे लागले. तरी त्यांनी काम थांबवले नाही. सगळे एकदम आपलेच हवे, असा हट्ट धरला असता तर १९९२ साली आपल्याकडे उडवायला काहीच नसते.

स्पष्टबोल

माझे नाव घेऊन धागा काढला आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

मी मुंबई हायच्या तेलफलाटांवर अठरा वर्षे काम केले. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. प्रत्येक खेपेला जुहूच्या तळावर वजन करून घ्यायचे, लाइफ जॅकेटचा पट्टा आवळायचा, कानांवर आवाजरोधक चढवायचे आणि हेलिकॉप्टरात बसायचे. खाली अरबी समुद्र, आणि पावसाळ्यात ढग इतके खाली यायचे की फलाटाची ज्योत दिसेपर्यंत कोणी बोलत नसे. या अठरा वर्षांत मी फ्रेंच बनावटीच्या डॉफिनमध्ये बसलो, अमेरिकी बेलमध्ये बसलो. भारतात बनलेल्या हेलिकॉप्टरात एकदाही बसलो नाही. हेलिकॉप्टरसेवा देणारी पवन हंस ही सरकारचीच कंपनी आणि १९८५पासूनची, तेल काढणारी कंपनीही सरकारचीच, आणि हेलिकॉप्टर बांधणारीही सरकारचीच. घरातल्या घरात जे इतकी वर्षे खपले नाही, त्याला उद्योग कसे म्हणायचे? सैन्याला घ्यावेच लागते, म्हणून ते खपते. ज्याच्यापाशी निवडीचा हक्क आहे, असा गिऱ्हाईक जेव्हा पैसे मोजून घेतो, तेव्हा उद्योग उभा राहतो.

निवडीचा हक्क असलेला एक गिऱ्हाईक मिळाला होता, तो इक्वेडोर. सात ध्रुव घेतले, त्यांतील चार कोसळले, आणि २०१५मध्ये त्यांनी करार रद्द केला. पुढे ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघे गेले आणि त्यानंतर तिन्ही सेनादले व तटरक्षक दल मिळून सुमारे ३३० ध्रुव जमिनीवर बसवावे लागले. ते काही महिने तुमच्या हिमालयातल्या चौक्यांना रसद कोण पुरवत होते?

उंचवाट

इक्वेडोरचे पाढे मला पाठ आहेत. ध्रुव चांगले चालले तेव्हा, २०१३च्या उत्तराखंडच्या पुरात लोकांना दऱ्यांतून बाहेर काढले तेव्हा, तुमच्यापैकी कोणी धागा काढला नाही. काहीही झाले की पोरबंदर आणि इक्वेडोर, आणि मग ठरलेला निष्कर्ष की आपल्याला जमतच नाही. जगातील कोणत्या हेलिकॉप्टराला अपघात झालेले नाहीत?

स्पष्टबोल

हे वाक्य त्या तिघांच्या घरी जाऊन बोलून दाखवा. मी 'जमत नाही' असे कुठेही लिहिलेले नाही. 'आपण जमवून घेत नाही' हे माझे म्हणणे आहे, आणि त्यातला फरक कळत नसेल तर भावाच्या आठवणी सांगून चर्चा जिंकता येणार नाही.

लेथवाला

दोघांनीही आवाज थोडा खाली घ्यावा. मी भोसरीला एक लहान वर्कशॉप चालवतो. संगणकाने चालणारी दोन सीएनसी यंत्रे, एक जुना लेथ, अकरा माणसे. प्रचंडच्या कराराच्या वेळी सरकारने सांगितले की, त्यात अडीचशेहून अधिक देशी कंपन्यांचा सहभाग असेल आणि त्यांतील बहुतेक लहान व मध्यम उद्योग असतील. या अडीचशेतला एक होण्याची माझी फार इच्छा होती, म्हणून आमच्यासारख्यांचे काय होते ते सांगतो.

मोटारीचे काम करणाऱ्याला महिन्याला एकाच मापाचे वीस हजार नग मिळतात. हेलिकॉप्टरचे काम आले, तेव्हा मला सोळा बुश, म्हणजे छिद्रात बसणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्या, करायचे होते. सोळाच. त्यासाठी नग धरायला वेगळे फिक्स्चर, मोजायला वेगळे गेज, पहिल्या नगाचे प्रत्येक माप लिहून द्यायचे, आणि स्टेनलेस स्टीलच्या बारसोबत पोलाद कारखान्याचा दाखला. सगळे केले. आतल्या बोअरचे माप पाच मायक्रॉनच्या आत बसले. माझा मुलगा रात्री दोनपर्यंत मशीनपाशी उभा होता, कारण दिवसा शेड तापते आणि माप सरकते. माल गेला आणि सोळाच्या सोळा नग नाकारले गेले. कारण काय, तर धातूचा हीट नंबर, म्हणजे तो कोणत्या भट्टीतून आला त्याची खूण, जुळवता येत नाही. बारच्या टोकाला तो नंबर ठोकलेला होता. आमच्या पोऱ्याने बार कापताना ते टोक भंगारात टाकले आणि त्याच शेल्फवर दुसऱ्या हीटचा बार पडला होता. माप बरोबर, पॉलिश बरोबर, धातूही बहुधा बरोबर. तरी सोळा नग रद्द, धातूचा खर्च माझा, तीन आठवडे माझे. आणि त्याआधीच्या लॉटचे पैसे मिळाले होते सात महिन्यांनी, तेही चार चकरा मारल्यावर. गिऱ्हाइकाचे नाव घेत नाही, अजून धंदा करायचा आहे. मोठ्या घोषणांचे ओझे शेवटी आमच्या लेथवर येते, आणि पैसे मात्र वरच्या वर अडकतात.

निवृत्त निरीक्षक

मी एकतीस वर्षे विमान व हेलिकॉप्टरांच्या सुट्या भागांची तपासणी केली. लेथवाला यांच्या लेखनातील 'धातूही बहुधा बरोबर' हे तीन शब्द वाचून मला येथे लिहावे लागते आहे. ज्या कोणी ते सोळा नग नाकारले, त्याने योग्य केले. मी असतो तर एका मिनिटात नाकारले असते.

हीट नंबर म्हणजे त्या धातूच्या एका भट्टीचा जन्मदाखला. त्यातील कार्बन किती, क्रोमियम किती, ताण किती सोसतो, हे त्या एका भट्टीपुरते तपासलेले असते. दोन बार शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात आणि मायक्रोमीटरलाही सारखेच लागतात. फरक दिसतो तो दोन हजार तासांनंतर, तडा गेल्यावर, आणि तो तडा कुठून सुरू झाला हे शोधायला बसल्यावर. पोरबंदरच्या अपघाताच्या तपासात स्वॉशप्लेटला तडा गेल्याचे निघाले. स्वॉशप्लेट हा भाग वैमानिकाच्या हाताची आज्ञा फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवतो. तो तुटला की वैमानिक कितीही कुशल असला तरी त्याच्या हातात फक्त दांडा उरतो. असा तडा सापडला की पहिला प्रश्न असतो, या धातूचे भावंड आणखी कोणकोणत्या हेलिकॉप्टरांत बसले आहे? त्याचे उत्तर कागदात नसेल, तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सगळीच्या सगळी जमिनीवर बसवणे.

तुम्ही लहान उद्योजक कागदाला त्रास समजता. मोटारीच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला वाटते की माप बसले म्हणजे काम झाले. ही वृत्ती जोवर जात नाही, तोवर मोठा उद्योग वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

लेथवाला

शाळामास्तरच्या सुरात बोलू नका. एकतीस वर्षे तुम्ही टेबलामागे बसून शिक्के मारले, आणि मी तितकीच वर्षे कूलंटमध्ये हात घालून काम केले. टोक भंगारात गेले, ही माझी चूक आहे, हे मी पहिल्याच लेखनात सांगितले. बार कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर पुन्हा ठोकायचा असतो, हे मला कोणी सांगितले होते का? खरेदी आदेशासोबत चाळीस पानांची इंग्रजी अटींची वही आली आणि ती समजावून द्यायला एक माणूस आला नाही. मोटारवाला गिऱ्हाईक निदान आपला इंजिनिअर पाठवतो, तो दोन दिवस आमच्याबरोबर उभा राहतो आणि चुकतो तिथे हात धरतो. तुम्ही लोक फक्त शेवटी येता, आणि ते नाकारायला.

पोलादी

मूळ प्रश्नापासून आपण भरकटलो आहोत. बुशवर एवढी चर्चा चालली आहे आणि इंजिन बाजूलाच राहिले.

वाचनवेडा

पोलादी, मला तर वाटते की बुशची चर्चाच मूळ प्रश्नाची आहे. दक्षिण कोरियाने युरोपच्या मदतीने सुरिऑन नावाचे हेलिकॉप्टर केले. ते आपल्या प्रचंडच्या महिन्यातच, १० मार्च २०१० रोजी, प्रथम उडाले आणि आज त्यांच्या सैन्यात शेकड्यांनी आहे. त्याच्याच नौसैनिकी आवृत्तीला १७ जुलै २०१८ रोजी अपघात झाला. हवेत जाताच मुख्य रोटर सुटून पडला आणि पाच जण गेले. तपासात निघाले की, रोटरच्या उभ्या दांड्याच्या निर्मितीतच दोष राहिला होता, आणि तो भाग युरोपातल्या नावाजलेल्या पुरवठादाराकडून आलेला होता. म्हणजे परदेशातून आणलेला भाग निर्दोषच असतो, असे 'स्पष्टबोल' यांनी समजू नये, आणि आपण रोटर रचला म्हणजे जिंकलो, असे 'उंचवाट' यांनीही समजू नये. कोणत्या भट्टीत काय घडले आणि ते कोणी तपासले, इथेच सगळे ठरते.

स्पष्टबोल

परदेशी भाग निर्दोष असतो असे मी म्हटलेले नाही, पण कोरियाचे उदाहरण मान्य आहे.

आणखी एक मान्य करतो, आणि ते 'उंचवाट' यांच्या सुरामुळे नव्हे. काल रात्री लामा आणि ध्रुव यांच्या रोटरांची माहिती शोधून वाचली. लामाचा रोटर बिजागरीवर हलणारा आहे आणि ध्रुवचा बिजागरीविना, संमिश्र तंतूंच्या लवचीकपणावर चालणारा. हे फ्रेंच यंत्राची नक्कल करून मिळणारे ज्ञान नाही. तेव्हा 'नुसते नटबोल्ट' हे माझे शब्द मी मागे घेतो. बाकीचे मागे घेत नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कर्नाटकातला तुमकूरचा कारखाना घ्या. २०१६मध्ये पायाभरणी झाली, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी उद्घाटन झाले, ६१५ एकर जागा, सुरुवातीला वर्षाला तीस, मग साठ आणि पुढे नव्वद हेलिकॉप्टरांचे नियोजन. ज्या तीन टनी हलक्या हेलिकॉप्टरासाठी तो प्रामुख्याने उभारला, ते ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिल्यांदा उडाले, आणि तरीही चीते निवृत्त करता येतील इतक्या संख्येने ते पलटणींकडे पोहोचलेले नाही. तुमच्या भावाच्या चौकीवर आजही चीताच जातो. त्याच उणिवेसाठी रशियाच्या कामोव्ह-२२६ची दोनशे हेलिकॉप्टरे घेण्याचा आणि त्यांतील बहुतेक येथे बनवण्याचा करार २०१५मध्ये झाला होता, तो स्वदेशीकरणाच्या वाटाघाटींत अडकून पडला. मधल्या काळात टाटा आणि एअरबस यांनी कर्नाटकात वेमगलला एच-१२५ या हलक्या हेलिकॉप्टराची जोडणी करायचे ठरवले आहे. ज्या कुळातले हेलिकॉप्टर २००५मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकले होते, ते हेच. त्यात नागरी गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून धरलेला आहे. मग मी सरकारी मक्तेदारीवर का बोलू नये?

उंचवाट

बोला. शब्द मागे घेतलात, तेव्हा मीही कबूल करतो की हलक्या हेलिकॉप्टराच्या विलंबाचे समर्थन माझ्यापाशी नाही. भाऊ आता साठीकडे झुकला आहे, आणि त्याने पाहिलेल्या जातीचेच हेलिकॉप्टर आज त्याच्या मुलाच्या वयाची पोरे उडवतात, हे मला खुपते. मात्र वेमगलला जोडणी होणार, रचना होणार नाही. एव्हरेस्टवर टेकलेल्या यंत्राचा आराखडा पुढे कसा बदलायचा, हे फ्रान्समध्ये ठरेल. ज्या 'नटबोल्ट'बद्दल तुम्ही मला सुनावत होता, ते खरे तर तिथे आवळले जातील. दोन्ही कारखाने हवेत. एकाच्या नावाने दुसरा मोडीत काढू नका, एवढीच विनंती आहे.

निवृत्त निरीक्षक

लेथवाला यांना. रात्रभर तुमच्या लेखनाचा विचार केला. चाळीस पानांची वही पाठवून माणूस न पाठवणे ही आमच्या बाजूची चूक आहे, आणि माझ्या एकतीस वर्षांत ती मीही अनेकदा केली आहे. एका पुरवठादाराचे तीन लॉट मी लागोपाठ परत पाठवले होते आणि एकदाही त्याच्या शेडमध्ये पाऊल टाकले नव्हते. चौथ्या वेळी गेलो, तेव्हा दिसले की त्याच्याकडे दाखले ठेवायला कपाटच नव्हते. कागद मशीनवर तेलात पडलेले होते. कपाट आणवले, रंगांच्या खुणा ठरवल्या, आणि त्यानंतर त्याचा एकही लॉट परत गेला नाही. सात महिन्यांच्या थकबाकीला तर समर्थनच नाही. अकरा माणसांचे पगार सात महिने थांबत नाहीत.

परंतु हीट नंबरबाबत मी तसूभरही हलणार नाही. आणि एक विचारतो. ते सोळा नग सध्या कुठे आहेत?

लेथवाला

लाल रंगाच्या ट्रेमध्ये, कपाटावर. फेकवत नाहीत. मुलाने रात्र जागून केलेले आहेत, आणि हातात घेतले की अजून आरशासारखे दिसतात.

निवृत्त निरीक्षक

ते तसे ठेवू नका. ज्या नगाचा दाखला हरवला, तो हुबेहूब चांगल्या नगासारखा दिसतो, हाच त्यातला धोका आहे. तुम्ही नसताना एखाद्या घाईच्या दिवशी कोणी तो ट्रे उचलून चांगल्या मालात मिसळला, तर पुढे कोणालाही कळणार नाही. नाकारलेला भाग पुन्हा कधीही बसवता येणार नाही अशा तऱ्हेने कापून टाकायचा असतो, आणि कापल्याची नोंद ठेवायची असते. तुमच्या वहीत ती अट असणार, शेवटच्या पानांत शोधा.

लेथवाला

सापडली. पान सदतीस.

काल संध्याकाळी शटर अर्धे ओढून मुलाला जवळ उभे केले आणि सोळाच्या सोळा नगांवर आडवी करवत चालवली. पहिल्या नगाला हात थांबला, मग थांबला नाही. तुकड्यांचा फोटो आणि तारीख वहीत चिकटवली आहे. आज सकाळी बारच्या रॅकला मधोमध पत्रा ठोकला, एका खणात एकच हीट, आणि कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर ठोकायचे काम पोऱ्याकडून काढून स्वतःकडे घेतले. त्याच बुशची नवी चौकशी आली आहे, या वेळी चोवीस नगांची. कोटेशनमध्ये नंबर ठोकण्याचे आणि दाखले लिहिण्याचे तास वेगळे दाखवले आहेत, आणि पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळावेत अशी अट लिहिली आहे. सोमवारी पाठवतो.